घुबडाच्या पोटातलं कथील

मशीननं कथील दाखवलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं, मग नाण्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. कथील, त्याच्याबरोबर थोडं शिसं, आणि चांदी अगदी नावाला. टेबलापलीकडे बसलेल्या तिघांनी माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं.

"नकली ना?" सुधाकरभाऊ उठलेच. "मले वाटलंच होतं. इंदूरवाल्यानं मोबाइलवर फोटो पाहूनच सांगितलं होतं. चला, सोनाराकडं जाऊ. वितळवून टाकू."

"बसा," मी म्हणाले. "माझं अजून झालेलं नाही."

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात माझी छोटी लॅब आहे. मी धातुशास्त्र शिकले. दिवसभर दागिन्यांची शुद्धता तपासायची, हे माझं पोटापाण्याचं काम. जिवाचं काम वेगळं आहे. कुणी जुनं नाणं विकत घेणार असेल तर ते आधी माझ्याकडे येतं आणि मी खरं की खोटं ते सांगते. बहुतेक वेळा खोटंच निघतं. घेणाऱ्याला ते खरं हवं असतं, विकणाऱ्याला निकाल लवकर हवा असतो आणि मला खोलीत दोघंही नको असतात. पण दोघं येतातच, आणि माझ्या खांद्यावरून वाकून पाहतात.

त्या दिवशी घेणारे होते वानखेडे सर. कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. विकणारे होते जवळच्या दापोरा गावचे सुधाकर महाजन, केळीवाले. दिवाळी तोंडावर आली होती. भाऊंच्या शेजारी त्यांच्या पत्नी कमलवहिनी, मांडीवर पितळी डबी घेऊन. डबी रिकामी होती, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

डबीतलं नाणं माझ्या मशीनखाली होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेल्या देवीचा चेहरा. दुसऱ्या बाजूला घुबड, मोठ्या डोळ्यांचं, सरळ आपल्याकडे बघणारं. नाण्यांचा नाद असलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हे कुठलं? तो डोळे न उघडता सांगेल, अथेन्सचं. ग्रीसमधल्या त्या शहराची देवी अथीना आणि तिचं घुबड. एके काळी हे नाणं अर्ध्या जगात चालायचं. म्हणूनच आज त्याच्या नकलाही अर्ध्या जगात चालतात. पर्यटकांना विकायला केलेल्या, चावीच्या रिंगला लावलेल्या, आणि फसवायला म्हणून मन लावून केलेल्या.

हे घुबड दापोऱ्याला कसं पोचलं, ते वहिनींना ऐकून माहीत होतं. त्यांच्या सासूबाईंचं माहेर बुऱ्हाणपूरचं, जरीवाल्यांचं. जरीची तार ओढायला चांदी लागायची आणि त्यासाठी कुठून कुठून आलेली जुनी नाणी मुशीत जायची. एकदा मुशीत टाकता टाकता कुणाला तरी घुबड दिसलं. लक्ष्मीचं वाहन! त्यानं ते बाजूला ठेवलं. ते सासूबाईंकडे आलं, मग वहिनींकडे. दर धनतेरसला लक्ष्मी म्हणून त्याची पूजा.

यंदा भाऊंनी हौसेनं त्याचा फोटो इंदूरच्या एका व्यापाऱ्याला पाठवला आणि त्यानं "डुप्लिकेट" असं उत्तर दिलं. तेवढ्यात वानखेडे सरांच्या कानावर गोष्ट गेली. सर धावत दापोऱ्याला गेले. ठरलं असं की खरं निघालं तर सर घेणार. भाऊंची मुलं बाहेरगावी, त्यांना देव्हाऱ्याचं काही पडलेलं नाही, तेव्हा जाणत्या माणसाकडे गेलेलं बरं. आणि खोटं निघालं तर वितळवून जी चांदी निघेल तिच्यावर लक्ष्मीचा ठसा मारून घ्यायचा. भाऊंचं म्हणणं एकच होतं, खोट्याची पूजा आता आपण करायची नाही.

म्हणजे माझ्या एका शब्दावर ते नाणं दुसऱ्यांदा मुशीच्या तोंडाशी जाणार होतं.

आता मशीनबद्दल. याला एक्सआरएफ म्हणतात. ते धातूवर किरण सोडतं आणि उलट काय येतं त्यावरून आत कोणता धातू आहे ते सांगतं. त्याची खोड अशी की ते फक्त वरची साल पाहतं आणि तीही टिकलीएवढ्या जागेत. जागा सपाट लागते, म्हणून मी नाण्यावरची सगळ्यात सपाट जागा निवडली होती. घुबडाचं पोट.

मी नाणं सरकवलं. देवीच्या गालावर किरण सोडले. स्क्रीनवर चांदी आली, भरपूर.

"आली!" सर खुर्चीतून अर्धे उठले.

"थांबा सर. चांदीचा मुलामा असेल तरी असंच येतं. आत कथील-शिसं, वर चांदीचं पाणी. जिथं पाणी झिजलं, तिथं कथील उघडं पडलं. स्वस्तातली नक्कल अशीच करतात."

सर पुन्हा बसले.

मग पाण्याची परीक्षा घेतली. नाणं आधी हवेत तोलायचं, मग पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचं. दोन वजनांतल्या फरकावरून धातू किती घन आहे ते कळतं. वजन सतरा ग्रॅमच्या किंचित खाली आलं. या नाण्याला झीज धरून तेवढंच हवं. घनता चांदीच्या अगदी जवळ आली, पण एक केसभर कमी.

"म्हणजे चांदीच ना?" सर.

"असेलही. पण शिसं चांदीपेक्षा जड, कथील हलकं. दोन्हींचं प्रमाण जुळवलं तर मिश्रण चांदीइतकं जड करता येतं. करणारे करतात."

"मॅडम," भाऊ वैतागले, "आमच्याकडं माणूस शेताच्या बांधावरून केळीचा घड पाहतो आन् भाव सांगतो. तुमचं हे मशीन झालं, पाणी झालं. सीधं सांगा ना, असली का नकली?"

"भाऊ, केळी खोटी नसतात."

वहिनी पहिल्यांदा हसल्या. मीही हसले, पण मला आतून चीड येत होती. नाणं डोळ्यांना खरं वाटत होतं आणि वाटणं हा पुरावा नाही. जुन्या चांदीवर काळपट, जांभळट साय धरते. तिला आम्ही पॅटिना म्हणतो. ती असली की वय बोलतं. या नाण्यावर तिचा मागमूस नव्हता. परातीसारखं लखलखत होतं.

"वहिनी, हे धुता कशानं?"

"चिंचेच्या कोळानं," त्या अभिमानानं म्हणाल्या. "मंग रांगोळीनं घासते. सासूबाईनं शिकवलं तसंच. एक डाग राहू देत नाही."

रांगोळी म्हणजे दगडाची पूड! दोन पिढ्या, दर वर्षी. दोन हजारांहून जास्त वर्षांचं वय या सासूसुनेनं घासून गटारात सोडलं होतं. किंवा वय मुळात नव्हतंच. कुणी सांगावं?

मी नाणं मायक्रोस्कोपखाली घेतलं.

इथं थोडं समजून घ्या. खरं जुनं नाणं ठोकून केलेलं असतं. चांदीची गोळी तापवायची, दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून हातोडा. धातू ठशात शिरतो आणि बाहेरच्या बाजूला पसरतो. कडेला बारीक भेगा पडतात. नक्कल बहुधा साच्यात ओतलेली असते. तिच्यावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेला साच्याची शिवण दिसते. या नाण्याला शिवण नव्हती. खड्डे नव्हते. कडेला दोन भेगा होत्या, मस्त, वाकड्यातिकड्या. पण चांगली नक्कल करणारा भेगासुद्धा करतो.

मग मी घुबडाकडे वळले.

घुबडाच्या डोक्यावर ठिपके आहेत. बारीक, फुगीर, मोहरीच्या दाण्यांसारखे. ठोकलेल्या नाण्यावर सगळी नक्षी अशी वर आलेली असते, कारण ठशात ती खोदलेली असते. पंखांची पिसंही वर आलेली. मी हळूहळू खाली आले. पोटावर आले आणि थांबले.

पोटावरची पिसं खाली गेलेली होती.

म्हणजे ती ठशानं उमटलेली नव्हती. कुणीतरी टोकदार वस्तूनं वरून ओरखडली होती. मी दिवा तिरका केला. पोटावर एक पट्टा उठून दिसला. बोटाच्या नखाएवढा लांब, आडवा, आजूबाजूच्या चांदीपेक्षा जरासा राखाडी. त्याच्या दोन्ही बाजूंना केसासारखी बारीक रेघ.

कथील सगळ्या नाण्यात नव्हतंच! कथील त्या पट्ट्यात होतं. मी मशीनला नेमका तोच सपाट भाग दाखवला होता, आणि तो सपाट होता कारण तो भरलेला होता.

"वहिनी!" मी इतक्या जोरात ओरडले की सरांच्या हातातलं पाणी सांडलं. "हे कधी दुरुस्त केलं होतं का?"

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी छताकडे.

"सासूबाईनं केलं होतं," त्या म्हणाल्या. "सांगायच्या त्या. हिच्या पोटावर घाव होता, खोल. खंडित वस्तू देव्हाऱ्यात चालत नाही ना? मंग भरून घेतली."

"कुणाकडून? सोनाराकडून?"

"सोनाराकडं कोण देईल? एवढीशी चीज, बदलून दिली तं? गल्लीत कल्हईवाला यायचा, भांड्याले कल्हई करायले. सासूबाई समोर बसल्या आन् त्याच्याकडून भरून घेतली, वरून पिसंही कोरून घेतली. नजर हलू दिली नाही."

कल्हई म्हणजे कथील. झालं! मी खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आले. बसवेना.

"काय झालं काय?" सर रडकुंडीला आले होते.

मी त्यांना सांगितलं. जुन्या काळीही खोटी नाणी चालायची, आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा. म्हणून त्या वेळचा सराफ छिन्नी घ्यायचा आणि नाण्यावर एक घाव घालायचा. आत तांबं दिसलं की खोटं, चांदी दिसली की खरं. आम्ही त्याला टेस्ट कट म्हणतो. अथेन्सच्या घुबडांवर असे घाव नेहमी सापडतात. या घुबडाच्या पोटावरचा घाव तसाच असेल, तर मी आज जे काम करत होते ते माझ्या धंद्यातल्या कुणीतरी तेव्हाच उरकून ठेवलं होतं.

"असेल तर," मी पुन्हा म्हणाले. "कारण नक्कल करणारे घावही घालतात."

"मंग कळणार कसं?" भाऊंनी आता खुर्ची पुढे ओढली होती. सोनाराचं नाव त्यांनी बराच वेळ काढलं नव्हतं.

"ते कथील काढावं लागेल. बाकी नाणं घासून घासून स्वच्छ झालंय. चिंच आणि रांगोळी फक्त एकाच ठिकाणी पोचलेली नाही. कथलाच्या खाली. घाव जुना असेल तर तिथं जुनी साय सापडेल. नवा असेल तर नुसती चकचकीत चांदी, नाहीतर आत आणखी कथील."

सगळे वहिनींकडे पाहत होते. कथील काढलं की घाव उघडा पडणार. लक्ष्मी पुन्हा खंडित. आणि वर ती खोटी निघाली, तर खोटी आणि खंडित दोन्ही.

मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं. सांगणं भाग होतं. परत भरता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, येईल, पण मी भरून देणार नाही.

वहिनींनी डबीचं झाकण उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली तवापासून हिच्या पाया पडू राहिली मी. कोणाच्या पाया पडली, ते तरी कळू द्या."

मी बांबूची काडी तासून टोकदार केली. लोखंडाचं हत्यार चांदीला ओरखडतं, बांबू नाही. आधी एका रसायनाचा थेंब टाकून भेगेतला मळ सैल केला. मळ कसला, कुंकू! लाल ओघळ आला. मग मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून काडीचं टोक रेघेत रोवलं आणि हलकेच दाबलं. काही नाही. दुसऱ्या बाजूनं दाबलं. काही नाही. मागून सरांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. "सर, मागे," मी म्हणाले. सर गेले नाहीत.

कल्हईवाल्यानं एक उपकार केला होता. सोनार असता तर त्यानं घाव आतून आधी लख्ख साफ केला असता. याला तेवढा वेळ कुठला? त्यानं वरच्या वर कथील ओतलं होतं. ते वरच्या कडांना चिकटलं होतं, तळाशी नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर पट्टा एका टोकाला उचलला गेला आणि दातात भरलेली चांदी निघावी तसा अख्खा निघून आला.

मी आत पाहिलं.

काळं होतं. जांभळट काळं, मेणासारखं तुकतुकीत, थरावर थर चढलेलं. कोपऱ्यात दाबून बसलेली, दगडासारखी घट्ट झालेली माती. मी कापसाच्या बोळ्यानं चोळून पाहिलं. रसायनानं आणलेला काळेपणा बोळ्याला लागतो. बोळा पांढरा राहिला. काडीनं टोकरलं तर थर सुटेना, तो चांदीतूनच वाढलेला होता. अशी साय चांदीवर यायला ती जमिनीखाली शतकानुशतकं पडून राहावी लागते. घाव घातला गेला, मग नाणं जमिनीत गेलं, मग कितीतरी काळ गेला. उलटा क्रम शक्यच नाही.

घावाच्या एका कडेला साय थोडी उडाली होती. तिथून खोलवर चांदी दिसत होती. तांबं नाही, कथील नाही. तळापर्यंत चांदी. मी तिथं किरण सोडले. चांदी, जराशी शिशाची चव, आणि सोन्याचा अगदी पुसट अंश. मला तोच हवा होता. आजची चांदी इतकी शुद्ध करतात की तिच्यात सोनं शिल्लक राहत नाही. जुन्या लोकांना तेवढं सोनं वेगळं काढता येत नव्हतं.

"खरं आहे," मी म्हणाले. "शंभर टक्के खरं आहे. अथेन्सचं आहे!"

सरांनी चष्मा काढला आणि ते रुमाल शोधायला लागले. जन्मभर त्यांनी पोरांना शिकवलं होतं की दूरदेशची चांदी बंदरांवरून तापीच्या काठानं वर यायची. पोरं विचारायची, सर, तुम्ही पाहिलंय का असं नाणं? सर फळ्याकडे वळायचे. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दिव्याखाली नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मंग सर, आजच नेता का?" भाऊ खुश होऊन म्हणाले. "सौदा पक्का होता आपला."

"एक मिनिट," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हा घाव कोणी घातला म्हणता?"

"सराफानं. त्या काळच्या."

"कायले?"

"खरी आहे का ते बघायला."

"आन् निघाली खरी?"

"निघाली."

"मंग ही खंडित कशी? हा तं तिच्या खरेपणाचा शिक्का झाला." त्यांनी सरांपुढे डबी धरली. "टाका सर इथं."

"अगं, पण सौदा..." भाऊ.

"सौदा तुमचा. लक्ष्मी माही. खोटी असती तं घेऊन गेले असते तुम्ही सोनाराकडं, मी काही बोलली नसती. आता ती खरी हाये म्हणतात मॅडम. खरी लक्ष्मी कोणी घराबाहेर काढतं का?"

सरांनी नाण्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ते डबीत ठेवलं. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "धनतेरसला मला दर्शनाला बोलवाल?"

"या ना. फराळ करूनच जायचं. पण जाताना खिसे पाहून घेईन मी."

सर खो खो हसले. मला वाटतं, आठवड्यात पहिल्यांदा त्यांना झोप लागली असेल त्या रात्री.

माझी एकच अट होती. चिंच नाही आणि रांगोळी तर मुळीच नाही. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मंग काय लक्ष्मीले पारोशी ठेवू?" त्यावर आमची बरीच घासाघीस झाली. नाण्याच्या खऱ्याखोट्याला लागला नाही एवढा वेळ त्या वादाला लागला. शेवटी साधं पाणी आणि मऊ कापड, यावर तडजोड झाली. कुंकू समोरच्या पाटाला लावायचं.

धनतेरसला मीही दापोऱ्याला गेले. सर माझ्याआधी येऊन बसले होते, धुतलेला सदरा घालून. ताम्हनात घुबड होतं, घाव वरच्या बाजूला. वहिनींनी पाण्यानं त्याला हलकेच आंघोळ घातली, मग माझ्याकडे पाहून हातातलं कापड मऊ आहे की नाही ते मला दाखवलं.

जुनं नाणं विकत घेण्याआधी ते तपासून घ्यावं, असं मी येईल त्याला सांगते आणि यापुढेही सांगेन. फक्त आता नाणं मशीनखाली ठेवण्याआधी मी विकणाऱ्याला विचारते, "घरच्या बाईला विचारलंय का?"